आठव्या पडद्यावरचा गांधार

माझा कान गेला आहे, असे माझे व्याही सांगत फिरतात. लग्नात सांगतात, बारशाला सांगतात, सास्तूरहून तेरला येताना एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही सांगतात. त्यांची हकिगत अशी: त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या सुनेने, नवी इलेक्ट्रिक गिटार आणली, गुरुजींनी ती पेटीवाल्याच्या थाटात सुरात लावायला घेतली आणि बिघडवली, मग सास्तूरहून हे मिस्त्री स्वतः आले, त्यांनी तासाभरात ती नीट केली आणि गुरुजी मुकाट्याने बघत बसले. "वय झालं. कान गेला त्येंचा," असे म्हणून ते थांबतात आणि माझी दया येते असा चेहरा करतात.

तासाभरात ती नीट झाली नाही, अडीच तास लागले. मी मुकाट्यानेही बसलो नव्हतो. या किरकोळ बाबी झाल्या. माझा कान गेलेला नाही, ही मुख्य बाब आहे. पण ती सिद्ध करायची तर मला असे काही सांगावे लागते, की त्यापेक्षा कान गेला हे कबूल करणे सोपे होते. वर्षभर मी सोपे तेच केले. आता लिहून ठेवतो.

मी तेरच्या शाळेत मराठी शिकवले आणि आमच्या गायन पार्टीत पेटी वाजवली. लोक मला दुसऱ्या कामासाठी अधिक ओळखतात. पेटी कारखान्यातून येते तेव्हा तिचे बारा स्वर सारख्या अंतरावर ठेवलेले असतात. कोणत्याही पट्टीत गाता यावे म्हणून केलेली ती तडजोड असते, आणि तिचा सर्वांत मोठा भुर्दंड गांधाराला बसतो. तो असावा त्याहून किंचित चढा राहतो. आमचा गायक आयुष्यभर काळी एक या एकाच पट्टीत गात आला आहे. त्याच्या गळ्यातला गांधार शांत होता आणि पेटीतला उतावीळ. तेव्हा मी पेटी उघडली, गांधार ज्या पितळी पट्टीतून वाजतो तिच्या बुडाशी बारीक कानस फिरवली आणि तो गळ्याच्या पायरीवर आणून बसवला. बुडाशी घासले की स्वर उतरतो, टोकाशी घासले की चढतो. हे मला कुणी शिकवले नाही, एक पेटी खराब करून मी ते शिकलो. पुढे ढोकीपासून सास्तूरपर्यंतच्या वस्त्यांमधल्या पेट्या माझ्याकडे येऊ लागल्या. भूकंपानंतर सास्तूरला पत्र्याच्या शेडमध्ये गाण्याची बैठक पुन्हा सुरू झाली, तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेली पेटी माझ्याकडेच आली होती. तिच्या भात्यातून मी पसाभर माती काढली. ती पेटी ज्या वस्तीची, त्याच वस्तीत माझे व्याही राहतात. इतकी वर्षे त्यांनी माझाच गांधार ऐकला आणि त्यांना तो कधी कळला नाही. ते एसटीच्या वर्कशॉपात मिस्त्री होते. इंजिनाचा आवाज त्यांना कळतो, हे मी नाकारत नाही.

सून तेरच्याच दवाखान्यात परिचारिका आहे. लातूरला शिकत असताना वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या गिटारवर तिने हात बसवला होता, हे आम्हाला लग्नानंतर कळले. नोकरी कायम झाल्यावर तिने स्वतःची गिटार मागवली. खोके आले त्या संध्याकाळी मी तिच्यापासून तीन हातांवर खुर्चीत बसलो होतो. तिने खोके उघडले आणि पहिली गोष्ट केली ती ही, की फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि वडिलांना गिटार दाखवली. माझ्या घरात आलेले वाद्य माझ्याआधी सास्तूरच्या माणसाने पाहिले.

"लई झ्याक हाय गं," फोनमधून आवाज आला. "पर पोटच न्हाय की तिला! आवाज कुठनं येतुय?"

"वायरमधनं, बाबा."

"मंग हे काम मिस्त्रीचंच. गुरुजींना हात लावू देऊ नगंस."

ते थट्टेने बोलले, आणि व्याह्यांनी एकमेकांची थट्टा करायची ही रीतच आहे. मी हसलो. मत्सर हा शब्द मी वर्गात कित्येक वर्षे समजावून सांगितला; दुसऱ्याचे चांगले न पाहवणे, असा अर्थ मी फळ्यावर लिहीत असे. तो अर्थ अपुरा होता. आपल्यासमोर वाढलेले ताट कुणी दुसऱ्याकडे सरकवते आणि आपल्याला भूक नव्हतीच असे दाखवावे लागते, ते त्या अर्थात येत नाही.

फोन ठेवल्यावर मात्र तिने गिटार माझ्या मांडीवर आणून ठेवली. "मामा, सुराचं तुम्हीच बघायचं. भीमजयंतीला तुमच्या पेटीसोबत वाजवायचीय मला. बाबांना काय कळतंय सुरातलं!" हे वाक्य मी जपून ठेवले. त्या दिवसापासून माझ्या लेखी प्रश्न एकच होता: ही गिटार सुरात आहे की नाही, हे ती कुणाला विचारणार? बाकी सगळे त्याच्या पोटात आले.

गिटार मी यापूर्वी ऑर्केस्ट्रात लांबून पाहिली होती. हातात घेतल्यावर लक्षात आले की तिचे पडदे दांडीत ठोकून पक्के केलेले असतात, सतारीसारखे सरकत नाहीत. सरकते ते दुसऱ्या टोकाला. तिथे प्रत्येक तारेखाली एक छोटी धातूची घोडी असते आणि मागच्या स्क्रूने ती पुढे-मागे करता येते. घोडी मागे ओढली की तार लांब होते, आणि मोकळी तार पुन्हा सुरात ओढून घेतली तरी दाबलेले स्वर उतरतात. पडदा जितका वरचा, तितके अधिक. हे मी अर्ध्या तासात स्वतः शोधून काढले. व्याह्यांनी ते मोबाइलवर पाहून शिकून घेतले. हा फरक त्यांच्या हकिगतीत येत नाही.

तिने मोकळ्या तारा फोनवरच्या सूर मोजणाऱ्या काट्याने मिळवून दिल्या. मी पेटी घेतली. सा मिळाला, पंचम मिळाला. पाचव्या तारेवर आठव्या पडद्याला गांधार येतो. तो तिने दाबला, मी पेटीवर धरला, आणि दोघांच्या मध्ये तो डोल सुरू झाला जो मी सर्वांत चांगला ओळखतो. दोन स्वर जवळ असून एक नसले की आवाज पाण्यावरच्या भांड्यासारखा डुलतो.

"येतंय ऐकू?" मी विचारले.

"येतंय मामा. भांडल्यासारखं होतंय."

"तुझी गिटार चढी आहे."

माझी चूक इथे झाली, आणि ती चूक बहिऱ्याची नव्हती. चाळीस वर्षे मी माझ्याच हाताने उतरवलेल्या गांधाराला जगाचा गांधार मानत आलो होतो. पंचक्रोशीतल्या सगळ्या पेट्या माझ्याशी सहमत होत्या, कारण त्या सगळ्या मीच घासल्या होत्या. आपणच लिहिलेल्या साक्षी गोळा करून आपण खटला जिंकला, असे मी म्हणत होतो.

मी घोडी मागे ओढली. तार मिळवली, ऐकले, पुन्हा ओढली. स्क्रूवरची स्प्रिंग दबत दबत सपाट झाली, घोडी मागच्या पत्र्याला जाऊन टेकली, आणि त्या शेवटच्या टोकाला गांधार जुळला. डोल थांबला. मला झालेला आनंद मी लपवला नाही. शेजारच्या दोन तारांच्या घोड्याही मी तशाच शेवटपर्यंत ओढल्या.

मग तिने सहज बारावा पडदा दाबला. तिथे मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. आला तो उतरलेला. थोडा नव्हे, चांगला उतरलेला. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही कळावा इतका. एक गांधार मिळवण्यासाठी मी तिन्ही तारा वरच्या अंगाला खोट्या करून ठेवल्या होत्या.

तिने पुन्हा वाजवून पाहिले. "मामा, वर जरा पडल्यासारखं वाटतंय का?"

मला ऐकू आले होते. तिच्या आधी आले होते.

"नव्या तारा आहेत," मी म्हणालो. "बसतील चार दिवसांत."

तिने मान हलवली आणि गिटार पिशवीत घातली. त्या चार दिवसांत मी ती गुपचूप उघडून काही मार्ग काढीन, असे मी ठरवले होते. पण ती दवाखान्यातून येई आणि मी काही करण्याआधीच गिटार घेऊन खोलीत जाई. आतून बारावा पडदा ऐकू येई. एकदा, दोनदा, मग थांबे. पाचव्या दिवशी, रविवारी, दारात मोटारसायकल थांबली आणि मिस्त्री उतरले. एका हातात हुरड्याची पिशवी होती, दुसऱ्यात अवजारांचा डबा.

"जय भीम, गुरुजी! पेशंट कुठाय?"

तिनेच बोलावले होते. मी "जय भीम, या, बसा" म्हणालो आणि चहा सांगितला.

त्यांची पद्धत मी बारकाईने पाहिली, कारण तीत दोष शोधायचा होता. त्यांनी आधी स्क्रूला हात लावला नाही. दांडीवर डोळा लावून, बंदुकीने नेम धरावा तसे, ती किती वाकली आहे ते पाहिले आणि तो बाक काढणारी आतली सळई किल्लीने पाव वळसा फिरवली. मग डब्यातून पातळ पोलादी पात्यांचा जुडगा काढला. वर्कशॉपात इंजिनातली फट मोजायला वापरत, तोच. पडदा आणि तार यांच्यामध्ये एकेक पाते सरकवून त्यांनी तारांची उंची सारखी केली.

"आधी चाक सरळ, मंग बिरेक," ते मला म्हणाले. "तुमी एकदम बिरेकलाच हात घातला, गुरुजी."

"मी स्वर ऐकत होतो. तुम्ही फट मोजताय."

"फट बरूबर तर सूर बरूबर."

मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून छेडले, की घंटीसारखा बारीक स्वर निघतो. तो काट्यावर पाहायचा. मग तीच तार त्याच पडद्यावर दाबून छेडायची आणि काटा पाहायचा. दोन्ही वेळा काटा एकाच जागी आला पाहिजे. तार स्वतःशीच ताडून पाहायची. पेटीशी नाही, माणसाच्या गळ्याशी नाही. मला हे सुचले नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जितका हेवा केला, तितका त्यांच्या पेन्शनीचा, त्यांच्या गुडघ्यांचा किंवा त्यांच्या दाट केसांचाही कधी केला नाही. स्वर ऐकू न येणाऱ्या माणसाला स्वराचा मार्ग सापडला होता, आणि तो बरोबर होता.

मी ओढलेल्या घोड्या त्यांनी पुढे आणल्या. प्रत्येक वळशाला स्प्रिंग करकरत होती.

"लई ताणलं हुतं की हो," ते म्हणाले. "कुणावर राग काढला?"

सून हसली. ती वडिलांच्या शेजारी चटईवर बसली होती, तार मिळवून देत होती, आणि दोघांची डोकी एका फोनवर वाकली होती.

तरी काटा जागेवर येईना. दाबलेला स्वर कधी चढा, कधी बरोबर. अर्धा तास त्यांनी घोडी पुढे-मागे केली. त्यांचा अंगठा मला दिसत होता. नट आवळावा तसा ते तारेवर जोर देत होते.

"मिस्त्री," मी खुर्चीतून म्हणालो, "तो बोल्ट नव्हे. दाबाल तसा स्वर चढतो. तिला दाबू द्या, ती वाजवणार आहे."

ती दाबू लागली आणि काटा स्थिर झाला. हे मी केले. त्या घरात चौथा माणूस नव्हता, मुलगा ढोकीला कारखान्यात कामावर होता, त्यामुळे माझा साक्षीदार नाही. सुनेला विचारले तर ती म्हणते, "दोघांनी मिळून केलं." हे उत्तर मला मान्य नाही.

जाताना दाराबाहेर ते तिला हळू आवाजात म्हणाले. हळू म्हणजे वर्कशॉपात हळू म्हणतात तितके. "वरचा सूर एवढा पडलेला, आन् त्येंनी तारा बसतील म्हून सांगितलं? कान गेला गं त्येंचा. काय म्हणू नगंस त्येंना."

"कान न्हाई गेलेला, बाबा," ती म्हणाली.

"मंग?"

तिने उत्तर दिले नाही. मला ते पुरेसे ऐकू आले.

तालमीला बसलो तेव्हा गिटार स्वतःशी पूर्ण खरी होती आणि माझ्या पेटीशी पहिल्यासारखीच भांडत होती. प्रत्येक ओळीत गांधार आला की डोल सुरू. पार्टीतल्या तरुणांना नेमके काय होते ते कळत नव्हते, पण चेहरे आंबत होते. ढोलकीवाला म्हणाला, "गुरुजी, एवढ्या बारीला पेटीऐवजी कीबोर्ड घेऊ का? तुमी पुढं बसा, मानाचं." मानाचे बसणे म्हणजे काय, हे मी जाणतो. निवृत्तीच्या दिवशीही मला पुढे बसवले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी पेटी उघडली. गांधाराच्या पट्ट्या काढल्या, कानस घेतली. या वेळी टोकाशी घासायचे होते. चार हलके हात, आणि चाळीस वर्षांपूर्वी उतरवलेला स्वर पुन्हा कारखान्याच्या पायरीवर गेला असता. घासलेले पितळ परत चिकटवता येत नाही. मी कानस टेकवली आणि तशीच धरून बसलो. मला कीबोर्डचा राग होता, मिस्त्रींचा होता, आणि सर्वांत जास्त या गोष्टीचा, की मी हे तिच्यासाठी करतो आहे हे तिला कळणार नाही. ती समजेल की बाबांचे खरे ठरले.

सकाळपाळी संपवून ती आली आणि दारातच थांबली.

"काय करताय मामा?"

"गांधार चढवतो. तुझ्या गिटारला जुळेल."

तिने पिशवी खाली ठेवली आणि समोर बसली. "तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलं होतं ना?"

मी कानस बाजूला ठेवली. "आलं होतं."

"मग तारा बसतील म्हणून का सांगितलं?"

"तू तुझ्या बाबांना बोलावशील म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिले. दवाखान्यात रुग्ण गोळ्या घेतल्याचे खोटे सांगतो, तेव्हा ती अशीच बघत असावी. "खोटं सांगितलं म्हणूनच बोलावलं," ती म्हणाली. "तुम्ही पडलंय म्हणाला असता, तर आपण दोघांनी बसून काढलं असतं काहीतरी. बाबा सगळ्यांना सांगत्यात तुमचा कान गेला. मी न्हाई म्हणते. मग खरं काय ते मला सांगता येत न्हाई."

तिने माझ्या हातातली पट्टी घेतली, उजेडात धरून पाहिली आणि पेटीत जिथली तिथे ठेवली.

"हिला हात लावू नका. गांधार मी वाजवतच न्हाई. सा आणि प, दोनच धरते. गांधार तुमचा."

"माझ्यासाठी गाणं अपुरं वाजवू नकोस."

"तुमच्यासाठी कुठं? गिटारवाले मोठ्या आवाजात तेवढंच धरत्यात. गांधार घातला की गढूळ होतंय."

हे खरे होते की तिने तेव्हाच रचले, हे मला आजही ठरवता आलेले नाही. मी नंतर चौकशी केली; गिटारवाले खरोखरच तसे करतात. त्यामुळे प्रश्न सुटला नाही, उलट अवघड झाला.

जयंतीला चौकातल्या मंडपात आम्ही वाजवले. गिटारचा सा आणि पंचम भिंतीसारखे उभे राहिले आणि मधली जागा तिने रिकामी सोडली. त्या जागेत गायकाचा गळा आणि माझी पेटी उतरली. डोल नव्हता. पहिल्या रांगेत मिस्त्री मांडीवर ताल धरून शेजाऱ्याला सांगत होते, "शेटिंग आपली हाय!" त्या गिटारमध्ये काय वाजत नाही, हे त्यांना कळले नाही. त्या रात्री मला ते पुरले. महिनाभर पुरले.

परवा पुतण्याच्या मुलाच्या बारशाला, सगळे जेवत असताना, त्यांनी ती हकिगत पुन्हा काढली. चाक, ब्रेक, पाती, काटा. शेवटी नेहमीचे वाक्य आले: "वय झालं. कान गेला त्येंचा." सून वाढत होती. तिचा हात भाजीच्या डावावर थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि बघत नाही हे मला दिसले पाहिजे, अशा रीतीने बघत नव्हती.

मी घास खाली ठेवला. "पाव्हणं, कान गेलेला नाही. वरचा स्वर पडला होता, तो मला तिच्याआधी ऐकू आला. मी तिला खोटं सांगितलं. तुम्ही येऊ नये म्हणून."

मिस्त्रींनी पाण्याचा घोट घेतला.

"म्या येऊ नये म्हून?"

"होय."

"गुरुजी, मंग माझ्या गोष्टीचा शेवटच गेला की हो! आता बारशाला काय सांगू म्या?"

सून हसली. आधी भाजी वाढली की आधी हसली, हे आठवत नाही; पण ती मोकळी हसली, वर्षभरात पहिल्यांदा. ती माझ्याकडे पाहून हसली. मिस्त्रींचे म्हणणे आहे की त्यांच्याकडे पाहून.